वगळायची दारं

जपानमध्ये तू काय काम करायचीस, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी 'पर्यावरण' एवढंच सांगते. पर्यावरण म्हटलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हिरवी छटा येते. त्याला झाडं दिसतात, देवमासे दिसतात, मी बोटीत उभी राहून कसलं तरी पाणी बाटलीत भरते आहे असं दिसतं. मी ते चित्र पुसत नाही. प्रत्यक्षात माझा तिथला बराचसा वेळ फुटपाथवर, तिपाईवर लावलेल्या एका यंत्राशेजारी उभं राहून थंडीत नाक ओढण्यात गेला. आणि जे काम मला सगळ्यांत जास्त आठवतं, त्यात तर माझ्या डाव्या हाताला कमी कपड्यांतल्या बायकांचं थिएटर होतं आणि उजव्या हाताला तासांवर खोल्या देणारं हॉटेल. पंगतीत जिलबी फिरत असताना हे कसं सांगायचं? दिवाळी अंकात बरं असतं. वाचणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

मी गेले नवऱ्यामागे. विनय संशोधक, त्याची प्रयोगशाळा टोकियोत, आमचं घर उरायासुला खाडीकाठी. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं आणि मराठी घरं इतकी थोडी होती की एकीकडे कोथिंबीर मिळाली की दुसरीकडे फोन जायचा. माझ्याजवळ पुण्याहून आणलेली नगररचनेची पदविका होती. ती मी सुरुवातीला प्लॅस्टिकच्या पिशवीत, लसणाच्या चटणीपासून लांब, जपून ठेवली. मग माझं जपानी बरं झालं, आणि आमची रेवा शाळेत जाऊन मला जपानीतूनच उलट उत्तरं देऊ लागली, तेव्हा वाटलं, आता घरात बसून अपमान करून घेण्यापेक्षा बाहेर जाऊन करून घ्यावा. म्हणून अर्धवेळ काम शोधलं. मिळालं ते शेजारच्या गावात, कुरोदा-सान यांच्या कचेरीत. तीन टेबलं, एक कपाट, आणि कपाटात यंत्रं.

मुलाखतीत कुरोदा-साननी माझी पदविका दोन्ही हातांनी घेतली, आदरानं पाहिली, परत केली आणि विचारलं, "साठे-सान, तुम्हाला उभं राहता येतं का?"

"म्हणजे?"

"बराच वेळ."

मी म्हटलं, "आमच्याकडे गौरी-गणपतीचा स्वयंपाक उभ्यानं होतो." त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी मान डोलावली आणि मला कामावर घेतलं.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावाला ते अजून कळलेलं नाही. पालिकेला एखादा नवा नियम करायचा असतो, किंवा कुणाला उंच इमारत बांधायची असते. त्याआधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं की तिथे राहणाऱ्यांवर याचा काय परिणाम होईल. पर्यावरण म्हणजे माणसाला घरबसल्या, इच्छा असो वा नसो, जे सोसावं लागतं ते सगळं. आवाज, उजेड, वास, हादरे. आणि सावलीसुद्धा. हिवाळ्यात कुणाच्या इमारतीची सावली कुणाच्या वाळत घातलेल्या गादीवर किती वेळ पडते, यावरून तिथे शेजारी एकमेकांशी बोलायचे थांबतात. ती सावली आम्ही मोजायचो. एकदा एका आजोबांनी तोफूवाल्याच्या यंत्राची तक्रार केली. पहाटे त्याच्या घरघरीनं झोप होत नाही म्हणाले. आम्ही आजोबांच्या खोलीत यंत्र लावलं, तर सगळ्यांत मोठा आवाज निघाला आजोबांच्याच घोरण्याचा. कुरोदा-साननी अहवालात लिहिलं, 'इतर ध्वनिस्रोतांचाही विचार व्हावा.' इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कुरोदा-सानच्या दोन रीती होत्या. कुठल्याही पाहणीआधी ते एक दिवस गुपचूप जाऊन हातातल्या छोट्या यंत्रावर चाचणीचं माप घेऊन येत. आणि खरी पाहणी सुरू व्हायच्या आधी आजूबाजूच्या घरी जाऊन, वाकून, 'तुम्हाला त्रास देणार आहोत, माफ करा' असं सांगून एकेक छोटा टॉवेल द्यायचा. पांढरा टॉवेल, वर छापील कागदाची पट्टी. तिथे घर बदललं, भिंत पाडली, रस्ता खणला, तरी आधी टॉवेल जातो. मला ही रीत फार आवडली. आपल्याकडे आधी खणतात आणि मग भांडतात.

तर तो रस्ता. स्टेशनच्या मागचा, अरुंद, वळणाचा. त्यात ते थिएटर, दोन-तीन तसली दुकानं, आणि हॉटेल. हॉटेलच्या गाड्या ठेवायच्या जागेला रबरी पट्ट्यांचा पडदा होता आणि आत गाडी गेली की तिच्या नंबरपुढे एक फळी उभी करत. म्हणजे नवरा शोधायला आलेल्या बायकोला सगळ्याच गाड्या सारख्या. यांच्या मधेमधे साधी घरं, एक लाँड्री, आणि थिएटरपासून दोन दारं सोडून, एका बंद पडलेल्या तांदळाच्या दुकानावर, माडीवर, हायाशी-सेन्सेइंचं, म्हणजे हायाशीबाईंचं, पाळणाघर.

पालिका नियम बदलणार होती. मोठ्यांच्या करमणुकीची दुकानं कुठे असावीत, कुठे नसावीत. कच्च्या मसुद्यात दोन नकाशे होते. एकात हा सगळा रस्ता करमणुकीचा पट्टा ठरायचा आणि पाळणाघर स्टेशनच्या पलीकडे हलवायचं. दुसऱ्यात, म्हणजे रहिवासी मंडळाच्या आवडत्या नकाशात, दुकानं हळूहळू इथून काढायची. दोन्ही नकाशे दिसायला छान होते. पण हायाशी-सेन्सेइंनी ते पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"साठे-सान," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणारी मुलं कुणाची आहेत माहीत आहे? थिएटरच्या तिकीटखिडकीतल्या मिहोची. हॉटेलच्या चादरी बदलणारीची. नाचणाऱ्या दोघींची. स्वयंपाकघरात भांडी घासणारीची. त्यांचं काम दुपारी सुरू होतं. सरकारी पाळणाघरं संध्याकाळी बंद होतात, आणि पलीकडे नेलं तर या बायका मधल्या सुट्टीत पिल्लांना पाजायला येणार कशा? मला हलवलंत तर मुलं येणार नाहीत. दुकानं हलवलीत तर आयाच येणार नाहीत. कुठलाही नकाशा घ्या, माझा जिना रिकामाच."

साठीच्या बाई. एकट्या. पाठीवर एक मूल बांधलेलं, कडेवर दुसरं, आणि हे सगळं अगदी हळू आवाजात, कारण ती मुलांची दुपारच्या झोपेची वेळ होती. झोप कसली म्हणा. थिएटरच्या दारावर कर्णा होता आणि त्यातून एक दमदार पुरुषी आवाज दुपारपासून रस्त्याला बोलावत असायचा, 'या, या, आत या, आज खास!' सेन्सेइंनी खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. तरी दर 'या, या'ला कुणीतरी दचकून उठायचं.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही कधी?"

"मिहोच्या मालकाला? आणि त्यानं मिहोला काढलं तर?"

त्या जानेवारीत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सांगलीहून. येताना बॅगेत आठळ्या, मेतकूट, आणि माझ्याबद्दलच्या शंका घेऊन. संक्रांत जवळ आली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"हळदीकुंकवाला बायका किती येतील?"

"आई, इथे जवळपास मराठी अशी मीच आहे. फुनाबोरीला एक कुलकर्णीबाई आहेत, पण त्यांना सर्दी झालीये."

"मग वाण कुणाला द्यायचं?"

मी सहज बोलून गेले, "वाण म्हणाल तर माझ्याकडे टॉवेल आहेत वाटायला. कचेरीचे."

झालं. त्यांनी ते काम हातात घेतलं. जपानी तीळ भाजले, आणि गूळ संपलेला म्हणून दुकानातून आणलेल्या काळ्या साखरेच्या पाकात लाडू वळले. पाक जरा पुढे गेला. जरा म्हणजे, लाडू ताटात टाकला की ताट वाजायचं. विनय एक तोंडात घेऊन बराच वेळ गप्प बसला. आमच्या संसारातला तो फार शांत रविवार होता. रेवानं लाडू जमिनीवर टाकून बघितला आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांची जपानीतून क्षमा मागितली. पण आईंनी प्रत्येक टॉवेलच्या पट्टीत दोन-दोन लाडू कागदात गुंडाळून खोचलेच.

"आणि मी बरोबर येणार," त्या म्हणाल्या. "वाण द्यायला सून एकटी जात नाही."

कुरोदा-साननी मला नकाशा दिला होता. पिवळी दारं टॉवेल द्यायची. लाल दारं वगळायची. लाल म्हणजे थिएटर, दुकानं, हॉटेल. कारण उघड होतं. ज्यांचा आवाज आणि उजेड मोजायचा, त्यांनाच 'उद्यापासून मोजणार' असं सांगून कसं चालेल? मला ते पटलेलं होतं. पाठही होतं. पण सासूबाई रेशमी साडीवर विनयचा ओव्हरकोट घालून, पायात मोजे आणि चपला, अशा त्या रस्त्यानं चालायला लागल्या की नकाशाला कोण विचारतो?

थिएटरसमोर त्या थबकल्या. पोस्टरं बघितली. माझा जीव मुठीत.

"काय गं, हे नाट्यगृह आहे का?"

"हो आई. नाट्यगृहच म्हणायचं."

"पोरींच्या अंगावर कपडे नाहीत फारसे."

"नाहीत."

"एवढ्या थंडीत!" त्या चुकचुकल्या. "मग तर यांना आधी दे. तीळ उष्ण असतात."

"आई, हे दार वगळायचं आहे. साहेबांनी सांगितलंय."

"वाणाला दार वगळतात? त्या बिचारीनं बघितलंय आपल्याला." तिकीटखिडकीतून मिहो खरंच कुतूहलानं बघत होती. "समोरून गेलो आणि दिलं नाही, तर तिला काय वाटेल? माझ्या हातून हे व्हायचं नाही." आणि मी काही बोलायच्या आत खिडकीच्या खालच्या फटीतून टॉवेल आत गेला होता आणि आई मराठीतून सांगत होत्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

मिहोनं माझ्याकडे बघितलं. आता भाषांतर करणं आलं. मी म्हटलं, "आमच्याकडे वर्षाच्या या वेळी हा लाडू देतात. हा खायचा आणि वर्षभर गोड बोलायचं. म्हणजे... हळू. म्हणजे, भांडायचं नाही." जपानीत ते जमेल तसं झालं.

एका लाल दाराला दिल्यावर दुसऱ्याला न देणं आईंना अशक्य होतं. दुकानांना दिलं. हॉटेलला दिलं. त्या हॉटेलात माणूस दिसत नाही, एक छोटी खिडकी असते आणि तिच्यातून फक्त हात बाहेर येतात, म्हणजे गिऱ्हाईकाला आणि मालकाला एकमेकांची लाज नको. एक हात आला, टॉवेल घेऊन आत गेला, रिकामा परत आला, आणि त्या हातानं वाकून नमस्कार केला. हातच वाकला. "किती शालीन माणसं," आई म्हणाल्या.

सोमवारी आम्ही तिपाई लावली. वर यंत्र, यंत्राच्या टोकाला वाऱ्यापासून संरक्षण म्हणून स्पंजचा काळा गोळा. लांबून तो कॅमेरा वाटतो. हॉटेलकडे येणारी जोडपी आम्हाला बघून छत्री उघडायची, पाऊस नसताना. एक गृहस्थ तर मला बघून सरळ लाँड्रीत शिरले आणि कोट धुवायला टाकून गारठत घरी गेले. ते सगळं नेहमीचं. पण दुपार झाली तरी 'या, या' ऐकू येईना. कर्णा चालू होता, पण असा, की कुणी गादीखाली बसून लाजत बोलावतंय. आणि झोपेच्या वेळी तर पूर्ण बंद. मंगळवारी तेच. एका दुकानानं रस्त्यावर झोत टाकणारा दिवा वळवून स्वतःच्या पाटीवर टाकला होता.

कुरोदा-साननी यंत्र ठोकून बघितलं. बॅटरी बदलली. मग डिसेंबरात गुपचूप घेतलेलं माप काढलं, आजचं शेजारी ठेवलं, आणि माझ्याकडे वळले. मी स्पंजच्या गोळ्याकडे बघत होते.

"साठे-सान. लाल दारं?"

मी सगळं सांगितलं. ओव्हरकोट, तीळ, उष्णता, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "ज्याचा ताप मोजायचा, त्याला तुम्ही आधी गोळी देऊन आलात."

त्यांच्याकडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत कडक वाक्य. मला रडूच आलं. पाहणी फुकट गेली होती. पालिकेची सभा पुढच्याच आठवड्यात, आणि तिथे दाखवायला आमच्याकडे एक गप्प बसलेला रस्ता. मला वाटलं, आता पालिका त्या दोनांतलाच एक नकाशा उचलणार, मी सेन्सेइंच्या जिन्याला कुलूप लावून आले.

मी माफी मागायला माडीवर गेले. जिन्यातच सेन्सेइंनी ओठांवर बोट ठेवलं. आत पडदे ओढलेले. जमिनीवर रांगेनं पोरं पसरलेली, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, आणि सगळी झोपलेली. सगळी. सेन्सेइ माझ्या कानाशी म्हणाल्या, "काल पहिल्यांदा मी गरम असताना चहा प्यायले."

खाली आले तर मिहोबरोबर थिएटरचे मालक उभे. ओन्दा-सान. कुरळे केस, सोन्याचा दात, आणि तोंड उघडल्याबरोबर मी आवाज ओळखला. 'या, या' तो हाच.

"तो लाडू तुम्ही दिलात?"

"हो. माझ्या सासूबाईंनी."

"पंचवीस वर्षं मी या रस्त्यावर आहे," ओन्दा-सान म्हणाले. "इथे कुणी घर बदललं, कुणी भिंत बांधली, टॉवेल वाटत येतात. माझ्या डाव्या दाराला देतात, उजव्या दाराला देतात. मला कधी कुणी दिला नाही. मीही म्हटलं, नका देऊ. मग मी आवाज वाढवला." त्यांनी गालातून जीभ फिरवली. "मिहो म्हणाली, हा खाल्ला की हळू बोलायचं असतं. मी म्हटलं बघू. पण तो तोंडात असताना माणसाला बोलताच येत नाही हो! तेव्हा पहिल्यांदा मी गप्प बसून माझा स्वतःचा कर्णा ऐकला. तो माझा तरुणपणचा आवाज आहे, बरं का. चांगला आहे. पण मोठा आहे."

"आणि वर मुलं झोपतात," मी म्हटलं.

त्यांनी मिहोकडे बघितलं. "कुठली मुलं?"

मिहो खाली बघत म्हणाली, "माझी मुलगी. वर असते."

ओन्दा-सानना खरंच माहीत नव्हतं. मिहोनं नोकरीच्या भीतीनं कधी सांगितलं नव्हतं. ते वर, गाद्या लावलेल्या खिडक्यांकडे बघत राहिले. "मला वाटायचं," ते म्हणाले, "तिथे कुणी राहतच नाही."

हे सगळं मी कुरोदा-सानना सांगितलं तेव्हा ते बेन्तो खात होते. त्यांनी डबा बंद केला, जे ते कधीच अर्ध्यावर करत नसत. डिसेंबरचं माप आणि या आठवड्याचं माप दोन्ही पुन्हा शेजारी मांडलं. मग म्हणाले, "साठे-सान, आपण चुकीचं मोजलं नाही. आपण दोनदा मोजलं. गोळीच्या आधी, आणि गोळीनंतर. आता आपल्याला हेही माहीत आहे की गोळी लागू पडते."

सभेत कुरोदा-साननी तिसरा नकाशा मांडला. त्यात कुणीच हलत नव्हतं. झोपेच्या वेळी कर्णे बंद, दिवे आतल्या बाजूला वळवलेले, पोस्टरं जिन्याकडे तोंड करून नाहीत. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष उसळले. "असल्या लोकांच्या शब्दावर? चार दिवस दाखवतील आणि पुन्हा सुरू!" पालिकेच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हा फरक नेमका कशानं पडला. कुरोदा-साननी अहवालात लिहिलं होतं, 'पूर्वसंवादामुळे'. अधिकारी म्हणाले, जरा विस्तारानं सांगा. कुरोदा-सान बसले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

भर सभेत, सुटाबुटातल्या माणसांसमोर, मी तिळाच्या लाडवावर बोलले. पाक पुढे गेल्याचंही सांगितलं, घाबरलं की मी खरं बोलते. मागून कुणीतरी हसलं. मग मागच्या रांगेतून ओन्दा-सान उठले. गळ्याशी आमचा टॉवेल. "अध्यक्षसाहेब, चार दिवस म्हणालात ना? वर्षभर बघा," ते म्हणाले. "न सांगता या आणि मोजा. जास्त निघाला तर मी दुकान हलवतो, पाळणाघराला हात लावू नका." हायाशी-सेन्सेइ शेवटी उभ्या राहिल्या आणि एकच वाक्य बोलल्या. "या आठवड्यात मुलं झोपली."

ठरलं असं: रस्ता एक वर्ष आहे तसा राहील. वर्षानं पुन्हा माप. कमी निघालं तर तिसरा नकाशा, आणि आजवर नोंद नसलेलं पाळणाघर पाळणाघर म्हणून नोंदलं जाईल. जास्त निघालं तर अध्यक्षांचा नकाशा.

सगळंच गोड झालं असं नाही. हॉटेलची गुलाबी पाटी आम्हाला शेवटपर्यंत मंद करता आली नाही. समोरच्या आजींच्या खोलीत तो उजेड पडायचा आणि त्या म्हणायच्या, माझं सगळं म्हातारपण गुलाबी गेलं. पुढे कुरोदा-सानची कचेरीही बंद झाली आणि आता तेही नाहीत. मोठ्या कंपन्या आल्या, यंत्रं आपोआप मोजू लागली, उभं राहणारं माणूस नको झालं. ती हळहळ आहेच. पण मला त्या वर्षाचा शेवट सांगायचा आहे.

पुढच्या जानेवारीत कुरोदा-सान म्हणाले, "या वेळी कुणालाही काही कळता कामा नये. टॉवेल नाहीत. लाडू नाहीत. सासूबाई..."

"त्या सांगलीला आहेत."

"बरं," ते म्हणाले. सुटकेचा नि:श्वास जपानीतही तसाच असतो.

आईंनी मात्र पार्सलनं लाडू पाठवले होते, खऱ्या गुळाचे, या वेळी मऊ. सोबत फोनवर सूचना, 'त्या नाटकवाल्यांना विसरू नकोस.' मी डबा पिशवीच्या तळाशी ठेवला, न देण्यासाठी.

आम्ही दुपारी गेलो. तिपाई नाही, फक्त हातातलं यंत्र, कुरोदा-सानच्या कोटाच्या बाहीत लपवलेलं. लाँड्रीच्या आडोशाला उभे राहिलो. वर्ष फार मोठं असतं. गोड बोलायचं ठरवून आपण घरी तरी किती दिवस टिकतो? मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी विनयवर ओरडलेली होते.

घड्याळ झोपेच्या वेळेवर आलं. लाँड्रीच्या पंख्याची घरघर. लांबून रेल्वे फाटकाची घंटा. एक सायकल गेली. कर्णा दारावर होता, तिथेच, पण त्याच्या तोंडावर कुणीतरी कापड बांधलेलं होतं. मी निरखून बघितलं. पांढरा टॉवेल. धुऊन धुऊन विरलेला, आमचाच.

कुरोदा-साननी आकडा बघितला, मला दाखवला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो वाढला असता.

तेवढ्यात थिएटरचं दार उघडून ओन्दा-सान बाहेर आले, सरळ लाँड्रीकडे. "किती वेळ लपणार? इतक्या थंडीत?" ते कुजबुजले. "आणि साठे-सान, जानेवारी आहे. मी वर्षभर गोड बोललो. लाडू कुठंय?"

मी कुरोदा-सानकडे बघितलं. त्यांनी यंत्र बंद केलं, खिशात ठेवलं. "माप झालं," ते म्हणाले. "आता देऊ शकता."

मी डबा काढेपर्यंत त्यांनी आपली स्वतःची बॅग उघडली. आत टॉवेल होते. कोरे, घडी केलेले, प्रत्येकावर कागदाची पट्टी. त्यांनी वरचा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि ओन्दा-सानपुढे कमरेतून वाकले. मग पुढच्या दारी. मग हॉटेलच्या छोट्या खिडकीशी, जिथून तो हात आला. मी मागे डबा घेऊन. रस्ताभर त्यांनी एकही दार वगळलं नाही.

परत आलो तेव्हा ओन्दा-सानच्या तोंडात लाडू होता. या वेळचा मऊ होता, म्हणजे बोलता येत होतं. त्यांनी तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला, तो जुना दमदार श्वास, आणि वर बघून तो तसाच परत सोडून दिला. माडीवर पडदे ओढलेले होते.